एकशे शहाऐंशी कुणाचं?

बुकित पंजांग,
११ सप्टेंबर २०२५

दिलीपराव,

नमस्कार, आणि तोही जरा चिडूनच. ई-मेलवर लिहितोय, कारण व्हॉट्सॲपवर काही लिहिलं की तुझी ताई ते चष्मा न लावता वाचते. ई-मेलचा पासवर्ड अजून माझा एकट्याचा आहे. उत्तरही इथेच दे.

गणपतीसाठी आलेला तू पुण्याला परतलास आणि इकडे माझ्या बीपीच्या गोळ्या अडकल्या. शेजारच्या बिल्डिंगखालच्या क्लिनिकशी माझं गेली कित्येक वर्षं किती छान चाललं होतं, ते तू पाहिलंस. गोळ्या संपत आल्या की 'रिपीट प्लीज' असा मेसेज टाकायचा. दोन दिवसांनी काउंटरवर जायचं, मिस चुआ माझ्या नावाची पिशवी काढून देते, पैसे भरायचे आणि घरी. जन्म बँकेत गेलेल्या माणसाला अशी व्यवस्था पाहून डोळ्यांत पाणी येतं. डॉक्टरांची अट एकच. त्यांनी दिलेल्या यंत्रावर मी रोज सकाळी बीपी मोजायचं. दंडाला पट्टा गुंडाळून बटण दाबलं की आकडा आपोआप क्लिनिकच्या कॉम्प्युटरवर जातो. आकडे बरे असले की रिपीट चालू.

परवा मेसेज टाकला, तर मिस चुआचं इथल्या 'लाह' लावलेल्या इंग्रजीत उत्तर आलं, "अंकल, डॉक्टर वाँट टू सी यू फर्स्ट लाह."

गेलो. डॉक्टर लिमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. सत्तावीस ऑगस्टची संध्याकाळ, म्हणजे आपली गणेशचतुर्थी. एका तासात माझं बीपी अठ्ठ्याण्णव, मग एकशे बेचाळीस, मग एकशे दहा, मग एकशे शहाऐंशी, आणि शेवटी पुन्हा खाली, एकशे पाच. डॉक्टर म्हणाले, "अंकल, ॲकॉर्डिंग टू धिस, यू फेंटेड, देन यू रॅन अ मॅरेथॉन, देन यू बिकेम अ टीनएजर."

मला क्षणात सगळा उलगडा झाला. तुझी ताई! दर्शनाला आलेल्या प्रत्येकाला तीर्थ, प्रसाद आणि दंडाला पट्टा. "नवीन यंत्र आहे, बघून तर जा किती येतं ते!" सोफ्यावर रांग लागली होती. मीसुद्धा कौतुकाने बाह्या वर करून देत होतो. यंत्रावर 'फक्त पेशंटसाठी' असं लिहिलेलं होतं, पण आपण पाहुण्याला कधी फक्त म्हटलंय का?

डॉक्टरांना हे समजावताना माझी पुरती दमछाक झाली. शेवटी ते हसले, पण म्हणाले, बाकीचे आकडे चालतील, एकशे शहाऐंशी कुणाचं ते सांगा. मालक सापडला नाही तर यंत्र तुमच्या नावाचं आहे, आकडाही तुमचा समजावा लागेल. गोळी वाढवू, आणि सायकल बंद. तोवर मोजक्या गोळ्या देऊन परत पाठवलंय.

सायकल बंद म्हणजे काय, तुला माहीत आहे. इथे सिंगापुरात तीन ऑक्टोबरला बालदिनाची सुट्टी आहे. त्या दिवशी पुलाउ उबीन बेटावर आर्याबरोबर सायकल चालवायचं मी तिला वर्षभरापासून कबूल केलंय. पुढच्या वर्षी तिची मोठी परीक्षा, आणि त्यानंतर ती आजोबांबरोबर कशाला येते! सूनबाईंनी, म्हणजे गार्गीने, स्पष्ट सांगितलंय की डॉक्टर हो म्हणाले तरच.

तू त्या संध्याकाळी तिथे होतास. डोक्याला ताण दे आणि आठव, ते एकशे शहाऐंशी कुणाचं?

तुझा (अजून जिवंत),
निशिकांत


पुणे,
१३ सप्टेंबर

भाऊजी,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र वाचून इतका हसलो की विनीता चहा घेऊन बघायला आली.

किती वेळा सांगितलं, त्या यंत्रांच्या नादी लागू नका. मी बघा. पासष्ट पूर्ण झाली, आजवर गोळी म्हणून पोटात गेली नाही. पहाटे दुधीचा रस, अंगाला तेल, पर्वती चढून उतरायची. गोळी सुरू झाली की माणूस म्हातारा झाला, हे मी आमच्या फिरण्याच्या ग्रुपला रोज सांगतो. आता तुमचंच उदाहरण देईन, नाव न घेता. आणि गोळ्यांसाठी डॉक्टरचे पाय धरायचे ते तुमच्या सिंगापुरात. इथे कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला नुसती हाक मारली तरी पाकीट वरच्या मजल्यावर येतं.

असो. त्या संध्याकाळचं म्हणाल तर मी आरतीभर झांजा वाजवत होतो, त्यामुळे सोफ्याकडे माझं लक्ष नव्हतं. पण माझा संशय तुमच्या शेजारच्या धवलवर आहे. आयटीतला मुलगा, रात्रंदिवस कॉम्प्युटरसमोर, आणि हॉकर सेंटरमधल्या टपऱ्यांवर ते लालभडक तिखट नूडल्स खातो. त्याचंच असणार. मला यात काडीचीही शंका नाही.

ता.क. आमच्या ग्रुपमध्ये शिरीष म्हणून एक मित्र आहे. त्याला मी तुमची गंमत सांगितली. तर तो विचारत होता की समजा, एखाद्याला एकशे शहाऐंशी आलंच, तर ते किती वाईट असतं? सहज विचारत होता.

आपला,
दिलीप


बुकित पंजांग,
१६ सप्टेंबर

दिलीप,

तुझ्या संशयामुळे मी एक चांगला शेजारी घालवत होतो. धवलला लिफ्टमध्ये गाठलं आणि म्हटलं, "अरे, तुझं बीपी भयंकर आहे." बिचाऱ्याचा चेहरा पडला. घरी पुण्याला आईला फोन लावत होता, तो मी थांबवला. त्याला धरून क्लिनिकमध्ये नेलं. एकशे अठरा! आता तो मला लिफ्टमध्ये पाहिलं की जिन्याने जातो.

एकशे बेचाळीस खालच्या मजल्यावरच्या मॅडम गोहचं निघालं. ती आनंदाने कबूल झाली, वर "नेक्स्ट इयर ऑल्सो चेक, कॅन?" असं विचारून गेली. अठ्ठ्याण्णव गार्गीचं. हळूहळू सगळे आकडे आपापल्या धन्याकडे गेले, पण एकशे शहाऐंशी कुणी घेईना. मी बँकेत मोठमोठ्या बेवारस खात्यांचे वारस शोधले, पण इथे कुणी वारस व्हायलाच तयार नाही.

आणि एक गोष्ट डॉक्टरांनी आज दाखवली, ती मला त्या दिवशी कळली नव्हती. तो आकडा एकटा नाही. पाठोपाठ तीन आहेत. एकशे शहाऐंशी, मग एकशे अठ्ठ्याऐंशी, मग एकशे ब्याण्णव. डॉक्टर म्हणाले, हा जो कोणी आहे, त्याने पहिल्यांदा बघितलं, विश्वास बसला नाही, पुन्हा बघितलं, पुन्हा बघितलं, आणि पट्टा काढून गप्प बसला. "धिस पर्सन वॉज स्केअर्ड, अंकल." त्यानंतर माझं सायकलवरचं लक्ष जरा उडालंय. घरभर माणसं, आरती चाललेली, आणि कुणीतरी एकटं बसून तीनदा बटण दाबतंय.

तुझ्या शिरीषला सांग, एकशे शहाऐंशी म्हणजे सहज विचारायची गोष्ट नव्हे. ज्याला कुणाला आलं, त्याने लगेच डॉक्टरकडे जायचं. मेडिकलवाल्याकडे नव्हे.

निशिकांत


पुणे,
१८ सप्टेंबर

भाऊजी,

शिरीषला तुमचा निरोप दिला. तो म्हणतो, यंत्रच बिघडलेलं असणार. शिवाय प्रवासाचा शीण, मोदकांचं तूप आणि तुमच्याकडचा तो एसी यामुळेही आकडा चढतो. म्हणजे कुणाचाही चढू शकतो, असं शिरीषचं म्हणणं. त्याने आठ दिवस लसूण खाल्ला. त्याच्याशेजारी आता कुणी चालत नाही.

त्याच्या आणखी काही शंका आहेत, त्या विचारून टाकतो. एकदा गोळी सुरू केली की जन्मभर घ्यावी लागते का? लोणचं कायमचं सुटतं का? गोळीने माणूस मवाळ होतो का? बायकोला सांगावंच लागतं का? आणि ज्याने तीस वर्षं लोकांना गोळ्यांवरून चिडवलं, त्याने फिरायला जावं की ग्रुप बदलावा? हा शेवटचा प्रश्न शिरीषचा खास आहे.

तुमच्या अडचणीवर मात्र मला एक साधा तोडगा सुचलाय. तुम्ही तो आकडा आपला म्हणून टाका! नाहीतरी तुमची एक गोळी चालूच आहे. त्यात आणखी एक पडली तर काय मोठंसं! सायकलचं म्हणाल तर आर्याला प्राणिसंग्रहालयात न्या. तिथे बसून बघता येतं.

कुणी उगाच कुणाच्या मागे लागू नये, एवढंच मला वाटतं.

दिलीप


बुकित पंजांग,
२१ सप्टेंबर

दिलीप,

'तो आकडा आपला म्हणून टाका'! अरे, आकडा म्हणजे काय बेवारस छत्री आहे? मी रागाने तुला लांबलचक पत्र लिहायला बसलो होतो. निम्मं लिहूनही झालं होतं.

एवढ्यात क्लेमेंटीहून आमचे चिरंजीव विक्रांत, गार्गी आणि आर्या जेवायला आले. आर्याने चतुर्थीच्या आरतीचा व्हिडिओ केला होता, तो मी टीव्हीवर लावायला सांगितला. म्हटलं, निदान त्या वेळी सोफ्यावर कोण होतं ते दिसेल. डॉक्टरांनी तिन्ही आकड्यांच्या वेळा सांगितल्या होत्याच, त्या आरतीच्याच होत्या. व्हिडिओत सगळे दिसतात. धवल दिसतो, मॅडम गोह टाळ्या वाजवताना दिसते, मी चुकीच्या ठिकाणी वरचा सूर लावताना दिसतो. झांजाही दिसतात. त्या धवलच्या हातात आहेत.

आर्या म्हणाली, "आजोबा, मामाआजोबा नॉट इन द व्हिडिओ लाह. ओन्ली अ‍ॅट द एंड."

शेवटी खरंच तू आतल्या खोलीतून येतोस. कापूर घ्यायला हात पुढे करतोस. डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत वर गुंडाळलेली आहे, आणि चेहऱ्यावर हसू नाही. तुझा असा चेहरा मी गेल्या चाळीस वर्षांत दोनदाच पाहिला.

तुझी ताई शेजारीच बसली होती. ती पानं घ्यायला उठली. मीही टीव्ही बंद केला आणि सगळ्यांना जेवायला उठवलं. रागाचं पत्र पुसून टाकलं.

तर, शिरीषला सांग. गोळी जन्मभर की कसं ते डॉक्टर ठरवतील, पण जन्म मोठा व्हावा म्हणूनच ती असते. लोणचं कमी होतं, तुटत नाही. गोळीने माणूस मवाळ होत नाही, माझ्याकडे बघ. बायकोला सांगावंच. आणि ग्रुपमध्ये त्याने खुशाल जावं. अर्धे लोक त्याच्या भाषणाआधी घरी गोळी घेऊन येत असतील, फक्त त्याच्या भीतीने बोलत नसतील.

सांगशील ना त्याला? लवकर सांग रे.

निशिकांत


बुकित पंजांग,
२८ सप्टेंबर

दिलीप,

आठवडा झाला, तुझं उत्तर नाही. शिरीष कसा आहे?

इकडची बातमी अशी. मी डॉक्टरांना सांगितलं की मालक सापडला, माझ्या मेहुण्याचा मित्र आहे. त्यांनी विचारलं, तो मित्र त्या दिवशी बुकित पंजांगला आला होता का? मी नाही म्हटलं. मग पट्टा दंडाला कसा लागला? मी म्हटलं, डॉक्टर, ही आमची कौटुंबिक पद्धत आहे. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग चार-पाच दिवस माझं एकट्याचं बीपी बघितलं, ते उत्तम निघालं. रिपीट सुरू झालं, सायकललाही परवानगी मिळाली. यंत्रावर आता मिस चुआने लाल अक्षरांत माझं नाव चिकटवलंय.

पण मी क्लिनिकसमोरून गेलो की ती दर वेळी विचारते, "अंकल, युवर फ्रेंड सी डॉक्टर ऑलरेडी ऑर नॉट?" आणि मला मान खाली घालावी लागते.

म्हणून मी ठरवलंय. शिरीष डॉक्टरकडे जाऊन आल्याचं कळेपर्यंत मी उबीनला जाणार नाही. आर्याला तसं सांगितलंय. ती माझ्याशी बोलत नाही. तिने शिरीष कोण हे विचारलं, तेव्हा मी म्हटलं, एक हट्टी माणूस आहे, पण आपल्याला हवा आहे. आता सुट्टी शुक्रवारी आहे. शिरीषच्या मनात काय आहे ते बघ बाबा.

निशिकांत


पुणे,
१ ऑक्टोबर

भाऊजी,

पोरीचा बालदिन अडवून धरता, हे शोभतं का तुम्हाला?

शिरीष काल डॉक्टरकडे गेला. पायऱ्यांवरून दोनदा परत फिरला, तिसऱ्यांदा आत गेला. तिथलं यंत्रही बिघडलेलं निघालं, एकशे ऐंशी दाखवत होतं. डॉक्टर बाई वयाने लहान, पण काय झापलं म्हणता! रक्त तपासलं, ईसीजी काढला. नशिबाने बाकी सगळं ठीक आहे. गोळी सुरू झाली. आज सकाळी पहिली घेतली. घशातून सहज गेली, काहीच वाटलं नाही, याचंच त्याला वाईट वाटलं.

पण घोटाळा झालाच. बायकोपासून लपवायला त्याने गोळ्या पाकिटातून काढून बडीशेपेच्या डबीत ठेवल्या. दुपारी फिरण्याच्या ग्रुपचे अध्यक्ष जेवायला आले होते. जेवणानंतर विनीताने डबी पुढे केली. विनीताने म्हणजे त्याच्या बायकोने, तिचंही नाव विनीताच आहे. अध्यक्षांनी डबीत बोट फिरवलं, एक गोळी उचलली, चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाले, "अरे वा, हीच कंपनी? माझी पण हीच." खिशातून स्वतःचं पाकीट काढून दाखवलं. दहा वर्षं घेताहेत! रोज माझं भाषण, म्हणजे शिरीषचं भाषण, टाळ्या वाजवून ऐकतात.

बायको आधी रडली, मग चिडली, मग तिने लोणच्याची बरणी माळ्यावर टाकली.

तर आता तुम्ही उबीनला जा. हेल्मेट घाला. आणि भाऊजी, तुम्ही शिरीषला नावं ठेवली नाहीत, हे त्याच्या लक्षात आलंय. त्याला बोलता येत नाही, म्हणून मी सांगतोय.

दिलीप


बुकित पंजांग,
४ ऑक्टोबर

प्रिय दिलीप,

तुझं पत्र आल्याबरोबर आर्याला फोन केला. म्हटलं, शिरीष जाऊन आला! ती इतकी ओरडली की गार्गीला वाटलं, निकाल लागला.

काल गेलो. बारा माणसं जमल्याशिवाय तिथली छोटी बोट सुटत नाही. आम्ही दोघं धरून अकरा झालो आणि बसून राहिलो. शेवटी एक बाई आली, तिचं आर्याने असं स्वागत केलं की ती घाबरली. बेटावर पोचल्यावर सायकली भाड्याने घेतल्या. सपाटीवर मी आर्याच्या बरोबरीने होतो. चढावर उतरून सायकल ढकलली, डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. एका वळणावर रानडुक्कर समोर उभं राहिलं. आर्या म्हणाली, "आजोबा, डोंट चेक हिज बीपी!" हसून हसून सायकल सोडावी लागली. आता माझे गुडघे दुखतात आणि मी अतिशय आनंदात आहे.

आता रिपीटचं नीट ऐक आणि शिरीषला सांग. सहा गोळ्या उरल्या की मागणी टाकायची, शेवटच्या गोळीची वाट बघायची नाही. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला हाकेसरशी पाकीट देतो, पण तो पट्टा गुंडाळत नाही. डॉक्टर बाई बोलावतील तेव्हा जायचंच. मला त्या लिमबुवांनी अडवलं म्हणून मी किती चिडलो होतो! अडवलं नसतं तर ते तीन आकडे कॉम्प्युटरवरच पडून राहिले असते, आणि तू पर्वती चढत राहिला असतास. म्हणजे शिरीष.

तुझा,
निशिकांत


बुकित पंजांग,
२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दिलू,

दचकू नकोस, मी ताई आहे. यांच्या ई-मेलचा पासवर्ड आर्याची जन्मतारीख आहे, तो मला पहिल्यापासून माहीत आहे. तुमची सगळी पत्रं मी वाचली. दोघांनी मिळून एक शिरीष उभा केलात आणि मला वाटलं होतं, तुम्हाला नाटकाचं अंग नाही.

मला तर चतुर्थीच्याच रात्री कळलं होतं. सगळ्यांना पट्टा मी गुंडाळत होते ना! आवरताना तो हातात घेतला, तर तुझ्या त्या तेलाचा घमघमाट. तुला मी पट्टा लावलाच नव्हता. तू हसून नको म्हणाला होतास. म्हटलं, उद्या सांगेल, परवा सांगेल. विमानतळावर बॅग आत जाईपर्यंत वाट बघितली. मग वाटलं, मी विचारलं तर तू हसण्यावारी नेशील. यांनी विचारलं तर निदान भांडशील तरी. म्हणून क्लिनिकमध्ये जाऊन डॉक्टर लिमना, मला यंत्रात दिसलेल्या पाठोपाठच्या तीन आकड्यांचं मीच सुचवून आले. मिस चुआलाही मीच सांगितलं होतं, रोज विचार म्हणून. ती मॅडम गोहबरोबर माझ्याकडे चकल्या शिकायला येते.

आज तू स्क्रीनवर होतास, मी इथून ओवाळलं. तू विचारलंस, ओवाळणी काय हवी. यांच्यासमोर बोलता आलं नाही, आता सांगते. मला साडी नको. आई गेली, दादा गेले. माहेर म्हणून आता तू एकटाच उरलायस रे. तू तीनदा ते बटण दाबलंस आणि मी पलीकडच्या खोलीत टाळ्या वाजवत होते, हे मला अजून झोपू देत नाही. मला रोज सकाळी एक ओळ हवी, गोळी घेतली म्हणून. तेवढीच माझी ओवाळणी, दर वर्षीची.

आणि त्या शिरीषला आता घरी पाठव. गोळी तू घ्यायचीस आणि कौतुक त्याचं, हे मला चालणार नाही.

ताई


पुणे,
२४ ऑक्टोबर, सकाळ

ताई,

आजची घेतली.

तुझा,
दिलीप

ता.क. शिरीषने ग्रुप सोडला. भाषण आता अध्यक्ष करतात, विषय 'गोळी वेळेवर घ्या'. पहिल्या रांगेत मीच बसतो.